एकच हँडगन, सगळ्या कामांना?

अमेरिकेत बंदुकांच्या दुकानात काउंटरपाशी थोडा वेळ थांबलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "एकच हँडगन घ्यायची असेल, तर कोणती घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात कामांची यादी तयार असते. रात्री-अपरात्री घरात उपयोगी पडावी, कमरेला बाळगता यावी, सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजी करता यावी, जंगलात अस्वल आडवं आलं तर निभावून न्यावं आणि हंगामात हरणाची शिकारही व्हावी. काउंटरपलीकडून गेली कित्येक दशकं बहुधा एकच उत्तर मिळत आलं आहे: चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर.

उत्तर वाईट नाही. मात्र त्यासाठी जी कारणं सांगितली जातात, त्यांतली बहुतेक चुकीची असतात. चुकीच्या समजुतीवर घेतलेलं हत्यार पुढे चुकीच्याच पद्धतीने वापरलं जातं, आणि या बाबतीत चूक फार महागात पडते.

"मॅग्नम म्हणजे ताकद, म्हणून ते सगळीकडे चालतं"

ताकद हवी असेल तर .४४ मॅग्नम त्याहून कितीतरी जोरकस आहे. १९५५ मध्ये ते बाजारात आलं आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटानंतर घराघरांत ठाऊक झालं. .३५७ चा मोठेपणा वेगळ्याच गोष्टीत आहे: त्यात दोन निरनिराळी काडतुसं चालतात.

.३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं, तेव्हा गोळीचा व्यास तोच राहिला, ९ मिलिमीटरच्या किंचित वर. पितळी केस मात्र सुमारे ३.४ मिलिमीटरने लांब केली. नव्या काडतुसाचा दाब जुन्याच्या दुप्पट होता आणि ते चुकूनही जुन्या .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये बसू नये, म्हणून ही लांबी मुद्दाम वाढवली होती. उलट दिशेने वाट मोकळी राहिली. .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल खुशाल चालतं; .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३५७ कधीही नाही.

चार इंची नळीतून .३८ ची साधी गोळी पावणेतीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, .३५७ ची सव्वासातशेच्या आसपास. एकाच मुठीत, एकाच चापावर, एकाच माशीतून नेम धरून दोन्ही वापरता येतात. नवखा माणूस सौम्य काडतुसांवर महिनोन्महिने हात बसवू शकतो. अष्टपैलूपणा म्हणायचा तो हाच.

याला एक व्यावहारिक जोडही आहे. .३८ ची केस आखूड, त्यामुळे तिच्या तोंडापुढे सिलिंडरच्या खणात काजळीचं कडं साचत जातं. .३८ चे पुष्कळ बार काढून लगेच .३५७ भरायला गेलं, तर काडतूस शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडतं. अशा वेळी ते अंगठ्याने रेटू नये. ब्रश फिरवून कडं काढावं, मग भरावं.

"दणकट रिव्हॉल्वर काहीही सोसतं"

अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलमधले बिल जॉर्डन यांनी स्मिथ अँड वेसनकडे एका मध्यम चणीच्या .३५७ रिव्हॉल्वरचा आग्रह धरला आणि १९५५ मध्ये 'कॉम्बॅट मॅग्नम' आलं. पुढे तेच मॉडेल १९ म्हणून ओळखलं गेलं. वजन एक किलोच्या आसपास, दिवसभर कमरेला लावण्याजोगं. सराव बहुतांशी .३८ ने करायचा आणि ड्यूटीवर .३५७ भरायचं, असा त्यामागचा हिशेब होता.

पुढे पोलिस खात्यांनी सरावालाही ड्यूटीचीच काडतुसं वापरायला सुरुवात केली. त्यात हलक्या, अतिवेगवान १२५ ग्रेनच्या गोळ्या आल्या. सिलिंडरमधून सुटलेली गोळी नळीच्या ज्या मागच्या टोकात शिरते, तिथे या रिव्हॉल्वरमध्ये खालच्या बाजूला, सिलिंडरच्या बिजागरीला जागा मिळावी म्हणून, धातू थोडा तासलेला असतो. नेमक्या त्या पातळ जागी तडे जाऊ लागले. १९८० च्या सुमारास कंपनीने जरा थोराड सांगाड्याची ५८६ आणि ६८६ ही मॉडेल्स काढली, त्यामागे हेच कारण होतं. 'दोन्ही काडतुसं चालतात' आणि 'जड काडतूस हजारोंनी चालतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. जुनं रिव्हॉल्वर विकत घेणाऱ्याने बॅटरीच्या उजेडात ती जागा आधी बघावी.

"मोठी गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो"

चित्रपटांनी हा समज इतका पक्का केला आहे की तो खोडायला आकडेच पुढे ठेवावे लागतात. .३५७ ची १५८ ग्रेनची गोळी म्हणजे दहा ग्रॅमच्या जरा वर. वेग सेकंदाला सुमारे ३७५ मीटर. हा सगळा संवेग सत्तर किलोच्या माणसाला दिला, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला पाच-साडेपाच सेंटिमीटर. गोळी समोरच्याला जेवढा धक्का देते, त्याहून थोडा जास्तच धक्का झाडणाऱ्याच्या हाताला बसतो, कारण नळीतून गोळीबरोबर वायूही बाहेर पडतो. झाडणारा उडत नाही, मग समोरचा कसा उडेल?

हँडगनच्या मर्यादा जगापुढे आल्या ११ एप्रिल १९८६ रोजी, मायामीत. एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन दरोडेखोरांना अडवलं. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. दरोडेखोरांपैकी एकाला सुरुवातीलाच लागलेली गोळी छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो त्यानंतरही रायफल चालवत राहिला. अखेर झटापट संपवली ती एका जखमी एजंटच्या रिव्हॉल्वरने, आणि त्यात .३८ स्पेशल भरलेलं होतं.

या घटनेनंतर एफबीआयने आधी १० मिलिमीटरचं जबर काडतूस घेतलं. त्याचा धक्का अनेकांना पेलेना. मग १९९० मध्ये आलेलं .४० घेतलं, आणि २०१० च्या दशकात पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळले. गोळ्यांची रचना दरम्यान सुधारली होती हे खरं, पण मोठ्या संस्थेलाही शेवटी हेच मान्य करावं लागलं की हँडगनची गोळी जागच्या जागी लागली तरच कामाची, आणि ती तिथे लागण्यासाठी हत्यार वापरणाऱ्याच्या हातात मावलं पाहिजे. एका साध्या .३०८ रायफलची गोळी साडेतीन हजार ज्यूल घेऊन निघते. कुठलीही नेहमीची हँडगन तिच्या जवळपास फिरकत नाही.

"रिव्हॉल्वर कधी अडकत नाही"

कमी वेळा अडकतं. पण अडकलं की पिस्तुलापेक्षा वाईट अडकतं. पिस्तुलात काडतूस फसलं तर सरावाचा माणूस स्लाइड मागे खेचून एक-दोन सेकंदांत मोकळा होतो. रिव्हॉल्वरचं सिलिंडर जाम झालं की पुष्कळदा टेबल, हत्यारं आणि वेळ लागतो.

कारणं बारीक असतात. रिकाम्या केसेस बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची चकती सिलिंडरच्या मागे असते. नळी जमिनीकडे ठेवून केसेस काढल्या, तर न जळलेल्या दारूचे चार-दोन कण त्या चकतीखाली जाऊन बसतात. चकती केसभर वर राहते, आणि सिलिंडर बंद होत नाही किंवा फिरताना घासतं. उपाय साधा: नळी आकाशाकडे करावी आणि दांडी एकाच जोरकस फटक्यात दाबावी, म्हणजे कण खाली पडून जातात.

दुसरं कारण अतिहलक्या रिव्हॉल्वरचं. एक बार झाला की त्या झटक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की फिरणं बंद. काही हलक्या .३५७ मॉडेलांच्या नळीवर '१२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये' असं कोरलेलं असतं, ते मात्र वेगळ्या कारणाने: अशा काडतुसांनी टायटेनियमचं सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून.

"नवख्याला किंवा बाईमाणसाला छोटं रिव्हॉल्वर बरं"

हा सल्ला मोठ्या आपुलकीने दिला जातो आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. दोन इंची नळीचं, सव्वाचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर हे अनुभवी माणसाचं हत्यार आहे. वजन कमी म्हणून धक्का जास्त. नळी आखूड म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी, त्यामुळे हाताची जराशी थरथर नेमात मोठी होऊन दिसते. आणि घोडा न ओढता नुसता चाप दाबायचा, तर तो पाच किलोच्या घरात जड असतो. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापाचं किमान वजन एक किलो असतं, यावरून फरक कळावा.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारातलं काडतूस .२२ लाँग रायफल, बाजारातल्या सर्वांत सौम्य काडतुसांपैकी एक. नेमबाजी शिकायची तर सुरुवात तिथून.

"अस्वलासाठी मोठी हँडगन हवीच"

अलास्कातल्या घटनांचा अभ्यास करून टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये निष्कर्ष मांडला: तपकिरी अस्वलाला थोपवण्यात मिरचीच्या अर्काचा फवारा ९२ टक्के वेळा यशस्वी ठरला. २०१२ मध्ये त्यांनी बंदुकांचा अभ्यास केला. तिथे हँडगनचं यश ८४ टक्के निघालं. दोन्ही अभ्यासांतल्या घटना सारख्या नव्हत्या, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना काटेकोर ठरत नाही. तरी कमरेला लावायचा डबा हा दुबळ्यांचा उपाय नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. हरणाच्या शिकारीबाबत अनेक राज्यांत हँडगनला किमान कॅलिबरची किंवा ऊर्जेची अट आहे. घेण्याआधी राज्याचा नियम वाचावा.

सगळी कामं एकत्र करायला निघालेली यंत्रंही आहेत. टॉरस कंपनीचं 'जज' .४५ कोल्टची गोळीही झाडतं आणि .४१० शॉटगनचं छर्ऱ्यांचं काडतूसही. पण गोळीसाठी नळीत आटे कापलेले, आणि ते छर्ऱ्यांना गरगर फिरवून झपाट्याने पांगवतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"बत्तीस म्हणजे बत्तीस"

भारतात परवानाधारकांच्या तोंडी 'बत्तीस बोर' हा शब्द सर्रास असतो. कानपूरला बनणाऱ्या रिव्हॉल्वरचं .३२ (२०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' हे त्यातलंच) आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरची केस २३ मिलिमीटरहून लांब, पिस्तुलाची १७ च्या आसपास. एकाचं दुसऱ्यात घालून बघणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे कोणीही दुकानात जाऊन बंदूक घेऊ शकतो, असं नाही. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात धरू नये.

"घरात आहे म्हणजे घर सुरक्षित"

कामांच्या यादीत 'घरासाठी' हे काम पहिलं असतं, आणि एकच बंदूक सगळ्याला पुरवण्याचा बेत इथेच सर्वांत जास्त फसतो. चटकन हाताशी यावी म्हणून भरलेली ठेवायची, की मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात? कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा २००४ ते २०१६ या काळात मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हँडगन असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण हँडगन नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट निघालं, स्त्रियांमध्ये पस्तीसपट. घरातलं कोणी खचलेलं असेल, तर त्या दिवसांत बंदूक घराबाहेर, विश्वासू माणसाकडे किंवा कायद्याने मान्य जागी ठेवणं हा .३५७ की ९ मिलिमीटर यापेक्षा कितीतरी मोठा निर्णय आहे. एरवीही बोटांनी अंधारात उघडता येईल अशी छोटी तिजोरी बंदुकीबरोबरच विकत घ्यावी, नंतर नव्हे.

ज्याला कायद्याने आणि परिस्थितीने खरोखर एकच घ्यायची आहे, त्याने यादीतलं पहिलं काम निवडावं आणि बाकीच्यांना दुय्यम मानावं. पहिलं काम सराव आणि घर असेल, तर एक ते सव्वा किलोचं चार इंची .३५७ अजूनही उत्तम, त्यात बहुतेक वेळ .३८ भरून. रोज बाळगायची असेल तर मध्यम आकाराचं ९ मिलिमीटर पिस्तूल अधिक सोयीचं. अमेरिकेत बऱ्याच रेंजवर हत्यार भाड्याने मिळतं. कानाला प्लग आणि वर मफ, असं दुहेरी संरक्षण लावावं, कारण .३५७ चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या पुढे एकाच बाराने कान कायमचा बिघडू शकतो. मग सात मीटरवर .३८ चे पन्नास बार सावकाश काढावेत, त्यानंतर .३५७ चे सहा. सहाव्या बाराला डोळे मिटत असतील किंवा चाप दाबण्याआधीच मनगट खाली झुकत असेल, तर .३५७ ची पेटी दुकानातच राहू द्यावी आणि त्या पैशांत .३८ च्या आणखी पेट्या घ्याव्यात.