सारख्या बाणांचा कारखाना

तिरंदाजीच्या नादी लागलेल्या मनुष्यास पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट उमगते, ती अशी की, तोच पवित्रा, तीच ओढ आणि तीच नजर राखून सोडलेले सहा बाण सहा जागी जाऊन रुतले, तरी त्या साऱ्या स्खलनांचा जाब एकट्या हाताला विचारणे न्यायाचे नसते. त्यांतल्या काहींचे धनी खुद्द बाणच असतात. बहुतेक हौशी मंडळी असे खोडकर बाण वेगळे काढतात आणि उरलेल्यांवर भागवतात. कॅलिफोर्नियातील जेम्स डग्लस ऊर्फ डग ईस्टन यांना मात्र तेवढ्यावर भागवणे जमले नाही, आणि त्या असमाधानातूनच पुढे जगातील तिरंदाजांना बाण पुरवणारा कारखाना उभा राहिला.

1921 साली, ऐन पोरवयात, ते शिकारीस गेले असता टेकवून ठेवलेली बंदूक पडून उडाली आणि त्यांच्या दोन्ही पायांना भयंकर इजा झाली. त्यानंतरच्या प्रदीर्घ अंथरुणात त्यांच्या हाती डॉ. सॅक्स्टन पोप यांचे धनुर्विद्येवरील लिखाण आले. हे पोप सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाचे शल्यविशारद. आणि त्यांना ही विद्या लाभली होती ती इशी नावाच्या याही जमातीच्या अखेरच्या मनुष्याकडून, जो 1911 साली ओरोव्हिल गावाच्या वेशीवर एकाकी व क्षुधार्त अवस्थेत सापडला, पुढे विद्यापीठाच्या संग्रहालयात आश्रयाला राहिला आणि 1916 साली क्षयाने वारला. तेवढ्या अवधीत त्याने आपल्या वैद्याला धनुष्य कसे तासावे, बाणाला पीस कसे बांधावे, सावजाजवळ दबकत कसे जावे, हे सारे शिकवले होते. ईस्टन यांच्या धंद्याची वंशावळ काढू गेल्यास ती कोणा भांडवलदाराच्या दप्तरात सापडत नाही. ज्याचे सारे गणगोत कत्तलींनी आणि उपासमारीने नामशेष केले गेले, त्या एका कारागिरापाशी ती जाऊन पोचते, आणि हे ऋण या इतिहासात ठळकपणे नोंदले जावे असे मला मनापासून वाटते.

1922 च्या सुमारास ईस्टन वॉटसनव्हिल येथे बाण करू लागले. काष्ठ म्हणजे ऑरेगॉन व कॅलिफोर्नियाच्या सीमाप्रदेशात होणारा पोर्ट ऑरफर्ड सीडर: सरळ रेषांचा, हलका, सुगंधी. शेपटाला तीन पिसे, आणि तिन्ही पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातली, कारण डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो आणि त्यांची सरमिसळ झाली की बाणाचे स्वतःभोवती फिरणे बिघडते. परंतु खरी परीक्षा दांड्याच्या लवचिकपणाची. दोरी सुटताच बाण मागून ढकलला जातो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालताना वाकतो, आणि मग मत्स्यासारखा डावी-उजवीकडे लवत पुढे सरतो. ही गोष्ट अतिवेगवान छायाचित्रणाने पुढे प्रत्यक्ष दाखवूनही दिली. दांडा गरजेहून ताठ निघाला तर बाण एका अंगाला जातो, नरम निघाला तर दुसऱ्या. म्हणून एकमेकांपासून 26 इंचांवर असलेल्या दोन टेकूंवर दांडा आडवा ठेवायचा, मधोमध 2 पौंडांचे वजन टांगायचे, तो किती झुकतो ते काट्यावर पाहायचे, आणि सारख्या झुकणाऱ्या दांड्यांचा डझन जुळवायचा, असा या धंद्यातला शिरस्ता आहे. हे काम करणाऱ्याची चिकाटी अपार असावी लागते. कारण एका झाडाचे, एका फळीतून चिरलेले दोन दांडे शेजारी ठेवले तरी ते सारखे झुकतीलच असे नाही, आणि आज जुळलेला डझन पावसाळी हवेत उद्या जुळेलच याचीही शाश्वती नाही.

1932 साली लॉस एंजेलिसला दुकान थाटल्यानंतर ईस्टन यांचे नाव झाले, तरी लाकडाचे हे लहरीपण त्यांच्या मनातून गेले नाही. गिऱ्हाईक खूश होते, मालक नव्हता. 1939 च्या सुमारास त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण करावयास घेतले, आणि 1941 साली लॅरी ह्यूज यांनी तसल्या बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. युद्धकाळात तो धातू विमानांकडे गेला. 1946 पासून मात्र हे बाण नोंदणीकृत व्यापारी नावाने रीतसर बाजारात आले.

अशी नळी हातात घेतली तर तिच्यावर चार अंक दिसतात. समजा, 1816. पहिले दोन अंक बाहेरचा व्यास सांगतात, 18/64 इंच, म्हणजे सुमारे 7.1 मिलिमीटर, पुढचे दोन भिंतीची जाडी, इंचाचे 16 सहस्रांश, म्हणजे अवघी 0.4 मिलिमीटर. व्यास आणि जाडी ठरली की झुकाव ठरला, वजनही ठरले. लाकडात जे निवडून शोधावे लागत होते, ते आता मापाबरहुकूम घडवता येऊ लागले, आणि हजार कोसांवरच्या अनोळखी तिरंदाजाला मोडलेल्या बाणाच्या जागी तंतोतंत तसाच दुसरा मागवता येऊ लागला. धंद्याची इभ्रत वाढली ती या चार अंकांनी.

1972 साली, 52 वर्षांच्या खंडानंतर, म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी परतली. त्याच वर्षी डग ईस्टन निवर्तले. अभियंता असलेले त्यांचे पुत्र जिम यांनी नळी ओढण्याचे तेच कसब बेसबॉलच्या बॅटींकडे वळवून मोठी संपत्ती मिळवली, आणि 1989 ते 2005 या काळात आंतरराष्ट्रीय तिरंदाजी संघटनेचे अध्यक्षपदही सांभाळले.

हा वृत्तांत लिहिताना कोल्हापूर वारंवार डोळ्यांपुढे येत होते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे नेमबाज त्याच जिल्ह्याचे. आणि ओतकामाच्या भट्ट्या व लेथ यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब असलेले शिवाजी उद्यमनगरही तिथलेच. दहा मीटर एअर रायफलीत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असते, आणि साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याच्या डोक्यात शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी चोखंदळ नेमबाज डब्बा बदलतो. तो डब्बा बदलताना ज्याला मनापासून चीड येते, असा एखादा तरुण नेमबाज मायक्रोमीटर खिशात घालून उद्यमनगरात एखाद्या मेस्त्रीपुढे जाऊन बसेल, याची मी वाट पाहतो आहे.