पावसाची नोंद : जोगेश्वरीच्या पुरापासून घ्यावयाचा बोध

पाऊस किती पडला, या प्रश्नास ‘पुष्कळ’ किंवा ‘बेताचा’ असे उत्तर देऊन भागत नाही. पाण्याचे नियोजन व नुकसानभरपाई या दोहोंसाठी आकडा लागतो. आणि तो आकडा कोठे व केव्हा घेतला, यास फार महत्त्व असते.

दि. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधीत वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास सुमारे 73 मिलिमीटरच नोंदला गेला. विहार तलावावर तर 1,000 मिलिमीटरहून अधिक वृष्टी झाली. सांताक्रूझच्या उत्तरेस व विहारच्या पश्चिमेस वसलेल्या जोगेश्वरीच्या सखल भागात ओशिवरा नदीचे पाणी शिरले. कुलाब्याच्या नोंदीवरून या संकटाची कल्पनाही आली नसती.

यानंतर, 2006 पासून, महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. त्यांपैकी अनेक यंत्रे अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर बसविण्यात आली व दर 15 मिनिटांनी नोंद मिळू लागली.

ग्रामीण भागातील व्यवस्था

हेच तत्त्व शासनाने ग्रामीण भागासही लागू केले आहे. 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत 2,000 हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये मोजीत आली आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाने अशा कामास स्वयंचलित उपकरणांची जोड दिली.

हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातील केंद्राच्या नोंदीवर ठरते. यंत्राच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर पडलेला पाऊस कागदावर येत नाही व बागाईतदाराचा हक्क बुडू शकतो.

ग्रामसेवक व शेतकरी बंधूंनी काय करावे?

1. पर्जन्यमापक मोकळ्या जागी असावा. झाड वा इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे.

2. साध्या मापकाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. पाऊस नसल्यास शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवू नये.

3. विहिरीची पातळी काठावरील एकाच खुणेपासून मोजावी. पंप चालू असताना अगर नुकताच बंद केला असताना मोजू नये.

4. गावची नोंद चावडीवर लावावी. मंडळाच्या आकड्याशी मोठी तफावत दिसल्यास वेळीच कृषी खात्यास लेखी कळवावे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी होय. हा हिशेब ज्या गावाजवळ आहे, त्या गावास रब्बीचे क्षेत्र किती धरावे हे आधीच ठरविता येते. यंत्र सरकारने दिले, तरी त्यावर नजर गावानेच ठेवावयाची आहे.