एल्किन्स पार्कचे बेथ शोलोम: मंडळी, रब्बी आणि वास्तुरचनाकार

ज्यू धर्मशास्त्राने प्रार्थनागृहाच्या बांधणीविषयी फारच थोड्या अटी घातल्या आहेत. तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्या ज्यात ठेवतात ते कपाट जेरुसलेमच्या दिशेला असावे, वास्तूला खिडक्या असाव्यात आणि सामुदायिक उपासनेसाठी किमान दहा जणांचा ‘मिन्यान’ जमावा, एवढे पाळले की आकार, उंची, छप्पर यांबाबत पुष्कळ मोकळीक उरते. या मोकळिकीमुळेच नवे सिनेगॉग बांधताना मंडळीला, म्हणजे तेथे नेमाने उपासना करणाऱ्या समाजाला, स्वतःविषयीचे काही प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यांतला सर्वांत जुना वाद ‘बिमा’चा, म्हणजे ज्यावरून तोराहचे वाचन होते त्या चौथऱ्याचा आहे. मुंबई-कोकणातील बेने इस्रायल ज्यूंच्या प्रार्थनालयांत तो ‘तेबा’ या नावाने मध्यभागी असतो आणि बाराव्या शतकातील धर्मपंडित मायमोनिडीस यानेही तसेच सांगितले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोपातील सुधारणावादी मंडळींनी तो पुढे, कपाटापाशी नेला आणि त्यामुळे उपासक हळूहळू श्रोते बनले. बिमा कोठे असावा हे ठरवणे म्हणजे उपासनेत कोणाचा वाटा किती हे ठरवणे होय, आणि ते काम वास्तुरचनाकारावर सोपवून चालत नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाजवळच्या एल्किन्स पार्क येथील बेथ शोलोम या सिनेगॉगचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे. 1919 मध्ये फिलाडेल्फियाच्या लोगन भागात स्थापन झालेली ही मंडळी, दुसऱ्या महायुद्धानंतर तिची कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली तेव्हा, त्यांच्यामागोमाग एल्किन्स पार्कला आली. शिल्पकार बोरिस ब्लाय यांच्या सल्ल्यावरून तिचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मॉर्टिमर कोहेन यांनी नोव्हेंबर 1953 मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहिले आणि सोबत स्वतः काढलेला एक कच्चा आराखडाही पाठवला. इमारत, जेथे मोशेला तोराह मिळाली असे मानतात त्या सिनाई पर्वताची आठवण देणारी असावी, अमेरिकन भूमीत रुजलेल्या ज्यू जीवनाचे रूप तिला लाभावे आणि बिमा उपासकांच्या अगदी जवळ, त्यांच्यात पुढे आलेला असावा, या कोहेन यांच्या अपेक्षा होत्या. एखाद्या धर्मगुरूने खोल्यांची यादी देण्याऐवजी अर्थाची मागणी करावी, ही या व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे. राइट यांनीही तिची कदर केली आणि आराखड्यांवर आपल्या नावासोबत कोहेन यांचेही नाव घातले.

राइट यांच्या मनात 1926 पासून पोलाद आणि काच यांच्या एका प्रचंड कॅथीड्रलची कल्पना होती, जी कधीच बांधली गेली नव्हती. सिनाईच्या अपेक्षेने तिला नवे प्रयोजन दिले. सुमारे 117 फूट लांबीच्या तीन पोलादी तुळया वर एकत्र येऊन तिपाई उभी राहते आणि तिच्यावर बाहेरून तार घातलेली नालीदार काच व आतून प्लास्टिकचे पत्रे बसवून दुहेरी छत केलेले आहे, ज्यातून दिवसभर गाळीव प्रकाश आत उतरतो आणि रात्री आतील दिव्यांनी सारा डोंगर बाहेरून उजळतो. आत एक हजाराहून अधिक आसनांची मुख्य उपासनाशाला असून तिची जमीन कडांकडून बिम्याकडे उतरत जाते, त्यामुळे जमलेला समाज जणू ओंजळीत धरल्यासारखा बसतो आणि समोरासमोरच्या रांगांतील माणसे एकमेकांची तोंडे पाहू शकतात. मायमोनिडीसने सांगितल्याप्रमाणे मध्यभागी नसला तरी हा बिमा सभागृहातल्या व्यासपीठासारखा दूरही राहिला नाही, याचे श्रेय त्या कच्च्या आराखड्याला द्यावे लागेल.

तथापि यात मंडळीचा स्वतःचा आवाज कितपत होता, हा प्रश्न टाळता येत नाही. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, अपरिचित आकाराविषयी सभासदांत शंका होत्या, आणि त्या फेडण्याचे व पैसा उभारण्याचे ओझे बरेचसे कोहेन यांच्यावरच पडले. ते मंडळीच्या वतीने राइट यांच्याशी बोलत होते आणि राइट यांच्या वतीने मंडळीशी. न्यू जर्सीतील मिलबर्न येथील बनेई इस्राएल मंडळीत याच दशकाच्या आरंभी वेगळा मार्ग दिसतो. तेथे वास्तुरचनाकार पर्सिव्हल गुडमन यांनी आधुनिक कलावंतांना सोबत घेतले, आणि तोराहच्या कपाटापुढील पडद्याची रचना चित्रकार अ‍ॅडॉल्फ गॉटलीब यांनी केली असली तरी त्याचे शिवणकाम मंडळीतील स्त्रियांनी केले. अमूर्त चिन्हे असलेले ते मखमली वस्त्र टाका टाका घालून पुरे करणाऱ्या हातांना त्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज फारशी उरली नसावी. सहभागाचा हा प्रकार खर्चाच्या मानाने लहान, पण परिणामाने खोल आहे.

बेथ शोलोमला हा अर्थ शब्दांतून द्यावा लागला. राइट एप्रिल 1959 मध्ये निवर्तले, सिनेगॉगचे अर्पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले, आणि कोहेन यांनी वास्तूच्या अंगोपांगांचा अर्थ उलगडणारे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध केले. दुहेरी छतातून होणारी पावसाची गळती मंडळीला पुढे दीर्घकाळ सोसावी लागली. 2007 मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतरही ती मूळ कामासाठी, म्हणजे उपासनेसाठी, वापरात राहिली.