सुरक्षा समितीची बैठक : इतिवृत्तापासून कृतीपर्यंत

वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग आणि जमाखर्च यांचे आकडे आपण वाचताच. या पानावर मात्र अशा कामाची माहिती देत आहोत, ज्याचे यश काही अघटित न घडण्यात असते.

1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. विक्रोळीतील अनेक कामगार कुटुंबांना ही पद्धत परिचित आहे. रुग्णालयांनाही तिची तितकीच गरज आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. त्याच वर्षी 25 मार्चच्या रात्री आपल्या जवळच्या भांडुपमध्ये मॉलला लागलेल्या आगीत तेथील रुग्णालयातील रुग्णांचे प्राण गेले.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार 30 वा अधिक खाटांच्या रुग्णालयातील समितीने सहा महिन्यांतून एकदा भेटणे बंधनकारक आहे. अग्निशमन यंत्रणेच्या सुस्थितीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. आम्ही मात्र दरमहा बैठक घेतो. त्यामागे एक अप्रिय अनुभव आहे.

पूर्वी आमच्या बैठका वेळेवर होत, इतिवृत्तावर सह्या होत आणि चहापानाने सांगता होई. एकदा पिवळ्या पिशवीतील सुई एका सफाई कामगार भगिनीच्या हातात घुसली. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच टाकायच्या असतात. चौकशीत कळले की, वॉर्डातील डबा वारंवार भरून वाहत असल्याचे त्यांना ठाऊक होते. परंतु बैठकीत त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावे लागते. ते वेळेत मिळाले व पुढील तपासण्या निर्दोष आल्या. दोष मात्र आमच्या पद्धतीचा होता, हे आम्ही मान्य केले.

आता विषयपत्रिका आधी वाटली जाते. बैठकीपूर्वी सदस्य एका विभागाची फेरी करतात. प्रथम सफाई कामगार, आया व वॉर्डबॉय बोलतात, नंतर परिचारिका व शेवटी डॉक्टर आणि प्रशासन. चूक सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही. प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व तारीख लिहिली जाते. अपूर्ण राहिलेले काम, हिशेबाच्या वहीतील मागील बाकीप्रमाणे, पुढील बैठकीत पहिल्या ओळीवर येते. तीन बैठकांत न सुटलेला विषय थेट विश्वस्त मंडळापुढे जातो. या शिस्तीमुळेच जिन्यालगतचे जुने सामान हलले आणि प्रत्येक वॉर्डात सुयांचा जादा डबा आला.

देणगीदारांना विनंती की, यंत्रसामग्रीबरोबरच अशा लहान खर्चांचाही विचार करावा. रुग्णांच्या नातेवाइकांनी जिन्यात अंथरूण वा सामान ठेवू नये आणि काही धोकादायक आढळल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावे. आपण सांगितलेली बाब पुढील बैठकीत नोंदली जाईल, याची आम्ही ग्वाही देतो.