पंप किती एचपीचा घ्यायचा? शेजाऱ्याची मोटार पाहू नका, आधी हा हिशेब करा

शेजाऱ्याने साडेसातची मोटार टाकली की आपणही साडेसातचीच टाकायची, असं गावोगाव चालतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपी, असं जमिनीवरून ठरतं. पण विहिरीला सातबारा कळत नाही. पाणी किती उंच चढवायचं आणि सेकंदाला किती लिटर हवं, यावर पंपाची ताकद ठरते.

उंची म्हणजे पाइपाची लांबी नव्हे. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे पडणार तिथपर्यंतची उभी उंची धरायची. पावसाळ्यात भरलेली विहीर पाहून मोटार घेतली, तर मे महिन्यात धार बारीक होते.

समजा, मे महिन्यात पाणी ४० फूट खाली, म्हणजे १२ मीटर. वावर विहिरीच्या काठापासून १० मीटर उंचावर. लाईन ७५ मिमीची, १०० मीटर. सेकंदाला ६ लिटर पाणी हवं (२०० लिटरचं पिंप ३३ सेकंदांत भरतं, एवढी धार). पाइपातल्या घर्षणाचे साधारण ३ मीटर धरले की एकूण हेड २५ मीटर.

आता ६ गुणिले २५, म्हणजे १५०. त्याला ७५ ने भागलं की २ एचपी. ही झाली नुसतं पाणी उचलायची ताकद. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ४ एचपी लागतात. ५ ची मोटार पुरते.

पैसे वाचवायला ६३ मिमीचा पाइप टाकला, तर घर्षण ७ मीटरच्या आसपास जातं आणि तीच ५ ची मोटार जेमतेम पुरते. ठिबक असेल तर दाबासाठी आणखी १० मीटर धरा. मग ७५ मिमीच्या लाईनलाही साडेपाच एचपीच्या वर लागतात. तरी लगेच साडेसातकडे धावायची गरज नाही. ठिबकचे भाग पाडून सेकंदाला ४ लिटरवर चालवलं, तर ५ चीच चालते.

विहिरीला झरा कमी असेल तर मोठी मोटार उलट घातक. तासाभरात पाणी तळाला जातं, मोटार कोरडी फिरते आणि जळते.

दुकानात नुसतं ‘पाचची द्या’ म्हणू नका. ५ एचपीमध्येही कमी हेडचे आणि जास्त हेडचे पंप वेगळे असतात. हेड आणि डिस्चार्ज दोन्ही सांगा, आणि पंपाच्या नेमप्लेटवर तेच आकडे आहेत का ते पाहूनच पैसे द्या.