मराठी हात, परके फुगे

१८ डिसेंबर २०२४ रोजी टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टची सेवा गुंडाळली. पाच किलो पुस्तकं जिथे ८० रुपयांत जायची, तिथे पार्सलचा खर्च दोनशेच्या पुढे गेला. छोट्या प्रकाशकांनी ओरड केली, आणि ती रास्तच होती. त्या गलक्यात स्वतःच्या खिशातून अद्भुतरम्य कॉमिक्स काढणाऱ्यांचा आवाज मात्र फारसा नव्हता. त्यांना त्या दरवाढीचा चटका बसायचं कारणच नव्हतं. त्यांची पुस्तकं तालुक्याच्या गावी मुळात जातच नव्हती.

उदाहरणाला देवळा घ्या. विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचं हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचं ठिकाण झालं. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून ‘कसमादे’ म्हणतात तो हा पट्टा, कांद्याचा आणि डाळिंबाचा. रेल्वे नाही, त्यामुळे फलाटावरचा व्हीलरचा पुस्तकांचा स्टॉलही नाही. वाचायला जे काही यायचं ते एसटीच्या टपावरून किंवा पोस्टमनच्या थैलीतून. राक्षस, जादूगार, उडते घोडे यांचाही मार्ग तोच.

त्या जुन्या काळाचं पुराण इथे लांबवण्यात अर्थ नाही. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते निदान एकदा तरी कुणाला तरी ऐकवलेलं असतं. मद्रासचा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत आला. टाइम्स समूहाचं ‘इंद्रजाल’ १९६४ मध्ये सुरू झालं, त्यातून वेताळ आणि मँड्रेक भेटले, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला आणि १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ संपलं. ‘चांदोबा’ २००७ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतला आणि पाच-सहा वर्षांत त्याचेही अंक थांबले. यावर पुरेसं रडून झालेलं आहे. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की ली फॉक या अमेरिकन माणसाने १९३६ मध्ये जन्माला घातलेला वेताळ एसटी स्टँडवर मराठी बोलायचा.

त्याच वेळी मराठी चित्रकार दुसऱ्यांच्या भाषेत राबत होते. ‘अमर चित्र कथा’तला ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या हातचा. पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी सुरुवातीचा नागराज चितारला, ज्याच्या अंगात सापांची फौज वावरते. तलवार उपसणारा भोकाल, म्हणजे निखळ जादूनगरीतला नायक, दिलीप कदमांच्या कुंचल्यातून आला. उत्तर भारतातल्या पोरांनी ही पुस्तकं भाड्याने आणून फाटेपर्यंत वाचली. पानावरचे हात मराठी आणि संवादाचे फुगे हिंदी. तेव्हा हे कुणाला खटकलं नाही, कारण ती नोकरी होती. मालक ठरवेल ती भाषा.

खटकतं ते पुढचं. २०११ ते २०२० या दशकात चित्रकार स्वतःच मालक झाला आणि तरीही फुगा मराठी झाला नाही.

ते दशक मात्र झकास होतं, हे कबूल करायलाच हवं. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन भरलं आणि त्याच वर्षी ते मुंबईत आलं. तोवर चित्रकाराला वाचक दिसायचाच नाही, संपादक दिसायचा. आता एक टेबल, मागे गुंडाळता येणारा बॅनर, टेबलाखाली छापखान्यातून आलेले खोके आणि समोर गर्दी. लेखक, चित्रकार, हिशेबनीस आणि हमाल, सगळं एकच माणूस. पहिल्या पानावर सही हवी असेल तर तो तिथल्या तिथे पेनाने राक्षसाचं डोकं काढून द्यायचा. खोके संपले की त्याला गगन ठेंगणं, उरले तर तेच पुन्हा लोकलमधून घरी.

मुंबईच्या विवेक गोयल यांनी होली काऊ एंटरटेनमेंट याच सुमारास उभं केलं आणि विजयेंद्र मोहंती यांच्या लेखनावर ‘रावणायन’ काढायला घेतलं. रावणाच्या बाजूने सांगितलेली रामकथा, दहा भागांत. स्वतंत्र प्रकाशकाने दहा भाग कबूल करणं हे धाडस असतं, कारण तिसऱ्या-चौथ्या भागाला पैसा आणि उमेद दोन्ही आटतात. गोयल यांनी ते तडीला नेलं. त्यांच्याच ‘अघोरी’चा लेखक राम व्ही. पुढे कुठल्या कुठे गेला. लेव्हल टेन कॉमिक्सने ‘जंप’ नावाचं मासिक काढून पाहिलं, केरळच्या सरंजामी काळात घडणारा ‘ओडायन’ दिला. विमानिकाने पुराणकथांना सिनेमाचा झळाळ चढवला. कल्की आणि शिवाच्या त्या पीळदार स्नायूंचा कंटाळा लवकर आला, पण छपाई उत्तम होती. आणि २०१२ मध्ये अभिजीत किणीची ‘अँग्री मावशी’ अवतरली. साडीतली, तापट, मुंबईतल्या सडक्या राजकारणाला सरळ करायला निघालेली. या सगळ्या गोतावळ्यात आपली वाटावी अशी हीच एक. पण ती मावशीही बोलायची इंग्रजीतच. मधूनमधून एखादा मराठी शब्द, फोडणीपुरता.

त्या काळात याचा जाब विचारला की ठरलेली उत्तरं मिळायची. ती एकदा तपासून घेतलेली बरी.

पहिलं उत्तर तांत्रिक. देवनागरी फुग्यात बसत नाही. यात तथ्य आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, एका उंचीची. ओळीवर ओळ चिकटून बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींमध्ये हवा सोडली नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. हवा सोडली की फुगा वाढतो आणि राक्षसाचा अर्धा चेहरा झाकतो. म्हणून मराठी फुग्याची जागा पेन्सिलने पान आखतानाच सोडावी लागते. इंग्रजीसाठी बेतलेल्या पानावर मागाहून मराठी ओतलं तर पानाचा चुथडा होतो, हे खरंच. शिवाय जुने मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते आणि परदेशी सॉफ्टवेअर जोडाक्षरांची मोडतोड करायचं. पण हे रडगाणं दशकाच्या मध्यालाच संपलं. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी ‘बालू’ हा गुबगुबीत, फुग्यासाठीच जन्मल्यासारखा देवनागरी फॉन्ट केला आणि तो गूगल फॉन्ट्सवर फुकट उपलब्ध झाला. ‘मुक्त’ही त्यांचाच. त्यानंतर फॉन्टची सबब देणाऱ्याला शोधायचंच नव्हतं, एवढाच अर्थ निघतो.

दुसरं उत्तर बाजाराचं. मराठी माणूस चित्रकथेला पैसे देत नाही म्हणे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज वाचला गेला, त्याची पुस्तकं निघाली, त्यावर सिनेमा आला. तो वाचक काय मंगळावरून आला होता? हिंदीकडे पाहावं तर देवळ्याहून फार लांब नसलेल्या सुरतेतून फेनिल कॉमिक्सने हिंदी नायक काढले आणि दशक सरताना बुल्सआय प्रेसने हिंदी-इंग्रजी जोडीने छापायला सुरुवात केली. त्यांना वाचक मिळाले. मराठीत अशी नेमाने निघणारी, मोठ्यांनाही वाचावीशी वाटणारी अद्भुत चित्रकथा उभी राहिली नाही. यात दोष एकट्या चित्रकारांचा नाही. मराठी प्रकाशकांनी चित्र दिसलं की पुस्तक बालवाङ्मयाच्या कपाटात टाकलं आणि समीक्षकांनी त्या कपाटाला हात लावला नाही.

तिसरं उत्तर कुणी तोंडावर दिलं नाही, पण खरं तेच होतं. डोळा परदेशावर होता.

त्यालाही कारण आहे. अमेरिकेत वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्याने १९७८ मध्ये ‘एल्फक्वेस्ट’ स्वतः छापून विकलं. जेफ स्मिथने १९९१ ते २००४ अशी तेरा-चौदा वर्षं ‘बोन’ चालवलं, ५५ अंक. ही माणसं टिकली, कारण तिथे कॉमिक्सची वेगळी दुकानं होती आणि ती दुकानं माल परत न करण्याच्या बोलीवर घेत. किती प्रती गेल्या हे छापण्याआधी कळायचं. आपल्याकडे छपाई सोळा पानांच्या फॉर्मच्या हिशेबात. प्रती कमी काढल्या तर एकेक प्रत महाग पडते, जास्त काढल्या तर पलंगाखाली साठते. छापील किमतीतला मोठा वाटा वितरक आणि दुकानदार नेतात, न खपलेला माल परत येतो आणि पैसे येतात ते सवडीने. पैसे आगाऊ उभे करायचे तर किकस्टार्टरवर भारतातल्या माणसाला प्रकल्पच मांडता येत नाही. राम व्ही. लंडनला होता, म्हणून २०१५ मध्ये ‘ब्लॅक मुंबा’साठी त्याला तो रस्ता मिळाला. गोष्टी मुंबईच्या आणि पैसा तिकडचा.

त्यातून जे निघालं ते मात्र अव्वल. राम व्ही.च्या ‘ब्लू इन ग्रीन’ची चित्रं मुंबईच्या आनंद राधाकृष्णन यांची आणि अक्षरं पुण्याच्या आदित्य बिडीकर यांची. आनंद यांना त्या पुस्तकासाठी जॉन पिअर्सन यांच्यासोबत २०२१ चा आयस्नर पुरस्कार मिळाला, कॉमिक्सच्या जगातला सर्वांत मोठा मान. बिडीकर यांनी तर डीसीच्या ‘स्वॅम्प थिंग’चेही फुगे बसवले. ज्या शहरात मुळीकांनी नागराज काढला, तिथेच बसून एका मराठी माणसाने जगभरच्या इंग्रजी राक्षसांच्या तोंडी अक्षरं घातली. कौतुक आहेच. पण हे हात मराठीला लागले असते तर, हा विचार काही केल्या जात नाही.

मालाची टंचाई म्हणावी तर तीही नाही. देवळ्याच्या आसपास नुसती नजर फिरवली तरी पुरे. वणीच्या गडावर अठरा हातांची सप्तशृंगी, महिषासुराला मारणारी. साल्हेरच्या माथ्यावरून परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला, अशी कथा. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याच्या रात्री देव-दानवांचे प्रचंड लाकडी मुखवटे चढवून सोंगं नाचतात. त्यांतल्या एकेका मुखवट्यावर एकेक पुस्तक होईल. नारायण धारपांनी भयकथांचं केवढं कोठार मागे ठेवलं! राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’साठी सातशे पानांचा चित्रित आराखडा केला होता. ती चित्रकथाच की. पण सिनेमा झाला, २०१८ मध्ये आला, आणि मातीसकट मराठी असलेली ती गोष्ट पडद्यावर हिंदी बोलली.

स्वतःच्या बोलीत अद्भुत रचायची हिंमत या भागात एकदा दिसली, ती चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावात. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागाच्या खडखडाटात ‘मालेगाव का सुपरमॅन’ उडवला. त्यावर २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, २०२५ मध्ये रीमा कागतींचा सिनेमा आला. सुपरमॅन मालेगावचा होता आणि तो मालेगावसारखंच बोलायचा. नासिर यांना कुणी बाजाराचा अहवाल दाखवला नव्हता, हे बरंच झालं.

बाकी ते दशक करोनात संपलं. मेळे बंद, टेबलं बंद. पुन्हा उघडले तेव्हा मामला बदललेला. २०२४ उजाडता उजाडता नोडविन गेमिंगने कॉमिक कॉन इंडिया ५५ कोटी रुपयांना घेतल्याची बातमी आली. ज्या टेबलांच्या जिवावर मेळा उभा राहिला, ती आता कोपऱ्यात. मध्यभागी गेमिंगचे पडदे, मोटारी-दुचाकींचे प्रायोजक, जपानी ॲनिमेच्या मूर्ती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं शंभर भागांचं ‘महाभारत’ मोबाइलवर सुरू झालं. मुखवट्यासारखे गुळगुळीत चेहरे, कुठेच हाताची रेघ नाही. आता तर हातही लागत नाहीत, मराठी असोत की कुठलेही.

टपाल खात्याने मात्र १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू करून थोडी भरपाई केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंना १००, वर कर. जाहिराती असलेली, व्यापारी स्वरूपाची किंवा ठरावीक मुदतीने निघणारी प्रकाशनं त्यात बसत नाहीत आणि वेताळ हे ज्ञान आहे की नाही, हे खिडकीवरचा कारकून ठरवणार. तरी जाहिरातीशिवायचं, एकहाती संपणारं, बत्तीस पानांचं मराठी पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत आरामात बसतं. रावण, अघोरी आणि मावशी काढणाऱ्यांनी एक पुस्तक पेन्सिलपासून मराठी फुगे धरून आखावं आणि पाठवून पाहावं. देवळ्याचा पिनकोड ४२३१०२.