यायचं असतं तर आला असता

एप्रिल 2021 च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एक आबा कोविडने गेले. जळगावला ऑक्सिजनची खाट मिळाली, पण उशिरा. दहाव्याला घरात मोजकी माणसं होती. पाटावर आबांचा फोटो आणि शेजारी पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. मोबाइलमध्ये मेलबर्नचा थोरला मुलगा, पांढरा सदरा घालून, मांडी घालून बसलेला. इथे सकाळ होती, तिथे दुपार कलली होती. रेंज गेली की चित्र गोठायचं आणि त्याची माय डब्याकडे वाकून विचारायची, "दिसतंय का रे बापू तुला?"

त्याच संध्याकाळी समोरच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, "यायचं असतं तर आला असता." आमच्या एरंडोलमध्ये हे वाक्य मी त्या दोन वर्षांत वेगवेगळ्या घरांबद्दल ऐकलं. पारोळ्याला ऐकलं, धरणगावला ऐकलं. अजूनही लग्नाच्या मांडवात विषय निघाला की कुणीतरी ते बोलतंच. ते खरं नाही, आणि ते खरं का नाही हे आपल्या माणसांना नीट कळलं पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

ऑस्ट्रेलियाने 20 मार्च 2020 ला बाहेरच्या माणसांसाठी सीमा बंद केली हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. पाच दिवसांनी त्या देशाने आपल्या नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना बाहेर पडायलाही बंदी घातली, हे फारसं कुणाला माहीत नाही. देश सोडायचा तर सरकारकडे अर्ज करायचा, कारण पटवून द्यायचं, कागद जोडायचे. वडील अत्यवस्थ आहेत याचाही पुरावा लागे. ही बंदी 1 नोव्हेंबर 2021 पर्यंत होती. परवानगी मिळाली तरी परतीचं काय, हा पुढचा प्रश्न होता. आठवड्याला किती प्रवासी परत घ्यायचे याचा आकडा ठरलेला असे, आणि जुलै 2021 पासून तो सगळ्या देशासाठी मिळून तीन हजारांच्या आसपास उतरवला होता. उतरल्यावर 14 दिवस हॉटेलात राहायचं आणि त्याचं बिल स्वतः भरायचं. न्यू साउथ वेल्समध्ये एका माणसाला ते 3,000 डॉलर होतं.

आता आबांचा आठवडा घ्या. 27 एप्रिल 2021 ला ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं थांबवली. 3 मेपासून नियम आणखी कडक झाला. गेल्या 14 दिवसांत जो भारतात होता, त्याने ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवणं हा गुन्हा ठरला, मग तो तिथला नागरिक का असेना. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद किंवा 66,000 डॉलरहून जास्त दंड. तेव्हा सुमारे 9,000 ऑस्ट्रेलियन भारतात अडकले होते आणि घरी परतायची वाट बघत होते. 15 मेला हा नियम संपला, पण तो येणार आहे का, कधी संपेल आणि पुढे वाढेल का, हे 29 एप्रिलला मेलबर्नमध्ये तिकीट शोधणाऱ्या मुलाला कोण सांगणार? त्याची बायको तिथल्या वृद्धाश्रमात काम करत होती, पदरात तीन वर्षांची मुलगी होती. तो आला असता तर परत कधी जाता आलं असतं, याचं उत्तर त्या दिवशी कुणाकडेच नव्हतं.

मग आई-वडिलांनीच तिकडे जावं म्हटलं, तर ऑस्ट्रेलियात प्रवेशाची सूट 'जवळच्या नातेवाइकांना' होती, आणि त्या व्याख्येत नवरा, बायको आणि अवलंबून असलेली मुलं बसत. आई-वडील बसत नव्हते. नोव्हेंबर 2021 पासून त्यांचा समावेश झाला. आपल्या घरात आई-बाप हे नातं सगळ्यात आधी मोजतात. त्या देशाच्या फॉर्ममध्ये दीड वर्षाहून जास्त काळ त्याला जागाच नव्हती. हे मी मायला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "बापाला जवळचं नाही म्हणत?"

तरीही त्या मुलाचं मत एकतर्फी नव्हतं. सीमा बंद ठेवलेल्या ऑस्ट्रेलियात 2020 अखेर कोविडचे सुमारे 900 मृत्यू होते, तशाच न्यूझीलंडमध्ये 25. भारतातला आकडा तेव्हा दीड लाखाच्या घरात गेला होता. आपली मुलगी सुरक्षित आहे याचं समाधान त्याला होतं आणि बापाला खांदा देता आला नाही याचा राग त्याच सरकारवर होता. मेलबर्नकर एकूण 262 दिवस टाळेबंदीत राहिले, त्यात तोही फारशी कुरकुर न करता राहिला. परदेशी राहणाऱ्या माणसाला 'तिकडचं धोरण चांगलं की वाईट' असं एका शब्दात विचारू नये, असं मला तेव्हापासून वाटतं. त्याचं एक घर त्या धोरणाच्या आत होतं आणि दुसरं बाहेर.

अमेरिकेत अडकलेल्यांची गोष्ट वेगळी होती, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जास्त गैरसमज आहेत. "व्हिसा 2023 पर्यंत आहे म्हणतो, मग अडचण काय?" असं मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं होतं. अडचण अशी, की तिथे राहून काम करायची मंजुरी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मंजुरी 2023 पर्यंत असली तरी शिक्क्याची मुदत 2019 मध्ये संपलेली असू शकते. अमेरिकेत राहायला तेवढी मंजुरी पुरते. एकदा बाहेर पडलात की मात्र परत आत जाण्यासाठी वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि मार्च 2020 पासून वकिलातींचं नेहमीचं काम बंद होतं. त्यात 22 जून 2020 ला एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर नव्याने येणाऱ्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेशबंदी झाली, ती पुढे मार्च 2021 पर्यंत लांबली. मे 2021 मध्ये भारतातून येणाऱ्या परकीय नागरिकांवर वेगळी बंदी आली, ती नोव्हेंबरपर्यंत राहिली. आईला बघायला पंधरा दिवसांसाठी आलेली माणसं इथे महिनोन्महिने अडकली आणि रात्री अमेरिकेच्या वेळेला लॅपटॉप उघडून नोकरी टिकवत राहिली. नोकरी गेली तर तिकडे राहायला एच-1बीवाल्याला फक्त 60 दिवस मिळतात. घरभाडं, मुलांच्या शाळा, गाडीचा हप्ता, सगळं त्या 60 दिवसांवर टांगलेलं.

मुलं बरोबर असली की गुंता आणखी वाढे. आई-वडील भारतीय पासपोर्टवर, मूल तिथे जन्मलेलं म्हणून अमेरिकन पासपोर्टवर, आणि मुलाकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. भारताने 13 मार्च 2020 पासून ओसीआयधारकांची विनाव्हिसा येण्याची सोय थांबवली होती. मे 2020 मध्ये परतीची विमानं सुरू झाली तेव्हा आई-वडिलांना जागा मिळाली आणि मांडीवरच्या मुलाला नाही, असं काही कुटुंबांच्या बाबतीत घडलं. 22 मेच्या आदेशाने अशा मुलांना मुभा मिळाली. ही अडचण तिकडच्या सरकारची नव्हती, आपल्याकडची होती. तेही सांगितलं पाहिजे.

ती परतीची विमानं म्हणजे वंदे भारत मोहीम, 7 मे 2020 ला सुरू झालेली. "सरकारने फुकट आणलं" हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तिकीट प्रवाशाने भरलेलं असे. लंडनहून मुंबईला सुमारे 50,000 रुपये, अमेरिकेहून सुमारे एक लाख. मुंबईत उतरल्यावर स्वखर्चाने हॉटेलात विलगीकरण, आणि मग एरंडोलपर्यंतचे सुमारे 400 किलोमीटर. सप्टेंबर 2020 च्या सुरुवातीपर्यंत जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. म्हणजे मुंबईत उतरलेला मुलगा आईपासून एका रात्रीच्या अंतरावर असूनही आठवडाभर खिडकीतून रस्ता बघत बसे.

गावात पोचला तरी सुटका नसे. महाराष्ट्राने मार्च 2020 च्या मध्यापासून घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली. शाई निवडणुकीतली, सहजी न पुसणारी. दुबईहून आलेल्या एका मुलाने तो हात चार दिवस टॉवेलखाली झाकून ठेवल्याचं मला आठवतं. दूधवाला घरापासून दोन दारं अलीकडेच पातेलं ठेवून जाई. राज्यातले पहिले रुग्ण दुबईच्या सहलीहून परतलेले होते, 9 मार्च 2020 ला पुण्यात सापडले, म्हणून ही भीती निघाली. पण "बाहेरून आलेल्यांनीच आपल्या जिल्ह्यात रोग आणला" हे पुढच्या काळाला लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद होती आणि नेहमीच्या वेळापत्रकाने थेट 27 मार्च 2022 ला सुरू झाली. जळगाव जिल्ह्यात मृत्यूंचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून खूप वर गेलं ते 2020 च्या उन्हाळ्यात, आणि दुसरी लाट आली 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये. तोवर हा रोग आपल्याच बाजारात, एसटीत, लग्नात आणि दवाखान्यात पसरत होता.

"तिकडे घरबसल्या पैसे मिळाले" हा समज अर्धवट खरा आहे. अमेरिकेने 2020 मध्ये माणशी 1,200 डॉलर दिले. कर भरणाऱ्या बऱ्याच एच-1बीवाल्यांनाही ते मिळाले. पण नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं असेल आणि बायकोकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर सुरुवातीला दोघांनाही काही मिळालं नाही. डिसेंबरमध्ये कायदा बदलून ती चूक दुरुस्त केली गेली. ऑस्ट्रेलियाची नोकरी टिकवण्याची मोठी मदत योजना तात्पुरत्या व्हिसावरच्या भारतीयांना लागूच नव्हती. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी, स्वतःला पोसता येत नसेल तर घरी परतायची वेळ आली आहे, असं व्हिसाधारकांना जाहीरपणे सांगितलं. हॉटेलात भांडी घासून फी भरणारे आपले विद्यार्थी ते ऐकत होते, आणि भारताकडे येणारं विमान तर बंद होतं.

आणि तरीही पैसे घरी येत राहिले. जागतिक बँकेने एप्रिल 2020 मध्ये भारतात येणारी परदेशस्थांची रक्कम 23 टक्क्यांनी घटेल असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात त्या वर्षी सुमारे 83 अब्ज डॉलर आले, घट जेमतेम 0.2 टक्के. "पोरांनी हात आखडले" असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा बघावा.

स्वीडनबद्दल थोडक्यात, कारण तिथले नियम सांगणारा व्हॉट्सअॅप संदेश आपल्या गावात शंभरदा फिरला. "तिथे काहीच बंद नव्हतं." सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू राहिल्या हे खरं. कॉलेजं मार्च 2020 मध्येच ऑनलाइन गेली, 50 हून जास्त माणसांच्या जमावाला बंदी होती, वृद्धाश्रमात भेटीला बंदी होती, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये जमावाची मर्यादा आठवर आली. पहिल्या वर्षात तिथे नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षांचा हिशेब धरला तर युरोपात स्वीडनची स्थिती वाईट दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता तिकडच्यांचे गैरसमज. आपल्याच मुलांनी आपल्याला फोनवर ऐकवलेले. "इकडे सांगितलं की लोक ऐकतात, तुम्ही ऐकत नाही." हे वाक्य बापाला रुग्णवाहिकेत घालून परत आलेल्या धाकट्या भावाला लागलं होतं, ते मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे. आमच्याकडे अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती आणि ज्या गावात एका मयतीला पाचशे माणसं जमतात, तिथे ती बहुतेक घरांनी पाळली. खानदेशात सगळंच कोलमडलं हेही खरं नाही. शेजारच्या नंदुरबारमध्ये, आदिवासी आणि साधनांनी गरीब जिल्ह्यात, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच ऑक्सिजन निर्मिती प्रकल्प उभे केले होते आणि ते एप्रिल 2021 मध्ये उपयोगी पडले.

"मी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवला होता, मग बाबा कसे गेले?" हा प्रश्न विचारणाऱ्याचं मन समजतं. पण घरी पाठवलेलं यंत्र बहुधा मिनिटाला पाच लिटरचं असे. सौम्य रुग्णाला ते पुरतं. फुप्फुसं भरून आलेल्या माणसाला मिनिटाला 15 लिटर आणि त्याहून जास्त लागतं, ते घरच्या यंत्रातून मिळत नाही. शिवाय ते विजेवर चालतं, आणि एप्रिलात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. यंत्र पाठवण्यात काही चुकलं नव्हतं. ते त्या टप्प्यासाठी नव्हतं, एवढंच.

लशीचंही तेच. केंद्रावर ज्या दिवशी जी लस आली ती आपल्या आई-वडिलांनी घेतली. ज्यांना कोव्हॅक्सिन मिळाली त्यांच्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबर 2021 ला आली, तोवर अनेक देशांची दारं बंद. ज्यांना कोविशिल्ड मिळाली त्यांनाही ब्रिटनने 11 ऑक्टोबर 2021 पर्यंत लस न घेतल्यासारखंच वागवलं. "तुम्ही चुकीची लस घेतली" असं आईला फोनवर सांगणाऱ्या मुलीला एरंडोलच्या केंद्राबाहेरची पहाटेची रांग दिसत नव्हती.

मेलबर्नचा मुलगा डिसेंबर 2021 मध्ये येणार होता. ओमायक्रॉन आला आणि भारताने 15 डिसेंबरपासून सुरू होणारी नेहमीची विमानं पुढे ढकलली. तो एप्रिल 2022 मध्ये आला, वर्षश्राद्धाला. मायने आबांच्या थोड्या अस्थी त्याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या, लाल कापडात बांधून परसातल्या कडुनिंबाला उंच टांगलेल्या. त्याने शिडी लावून ते गाठोडं स्वतः उतरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नाशिकला रामकुंडावर गेले. माय पुढच्या सीटवर बसली होती आणि धुळे येईपर्यंत तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त दोनदा मागे वळून पाहिलं.